डी ड्राइव्हवरचे पाथ लिनक्सवर नेताना नुसता स्लॅश बदलून का भागत नाही

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, आधी थोडक्यात मांडतो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकला दिंडोरी रोडच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये तुम्ही रेकॉर्ड सांभाळता, प्रत्येक प्लॉटचा रेसिड्यू रिपोर्ट (मालात औषधांचे किती अंश राहिलेत त्याचा तपासणी अहवाल), स्कॅन केलेली फवारणीची वही, सातबारा, सगळं विंडोजच्या मशीनवर डी ड्राइव्हला होतं आणि कुठली फाइल कुठं आहे ते डेटाबेसमध्ये पूर्ण पाथ, म्हणजे ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा पत्ता, टाकून लिहिलेलं होतं. आता गंगापूर रोडच्या ऑफिसात लिनक्स सर्व्हर आला, फाइली तिकडं गेल्या, तुम्ही डेटाबेसमध्ये उलटा स्लॅश काढून सरळ टाकला, डी: च्या जागी नवीन फोल्डर टाकला, बहुतेक फाइली उघडायला लागल्या पण काहीशे नोंदी "फाइल सापडत नाही" म्हणतायत, आणि फोल्डर उघडून बघितलं तर फाइल समोर दिसतेय. निर्यातीचा माल सुरू व्हायच्या आत हे निस्तरायचंय.

निस्तरतं, घाबरू नका. पण त्यासाठी पाथकडं बघायची पद्धत बदलावी लागेल. पाथ म्हणजे अक्षरांची लांबलचक ओळ समजून त्यात रिप्लेस मारलं की असंच होतं. पाथमध्ये तीन वेगळ्या गोष्टी असतात, एक मूळ म्हणजे ड्राइव्ह किंवा सर्व्हर, दुसरी मधली फोल्डरांची आणि फाइलची नावं, तिसरं त्या नावांना वेगळं करणारं चिन्ह. तुम्ही बदललंत ते तिसरं आणि ते सगळ्यात सोपं होतं. अडचण पहिल्या दोन्हीत आहे. ज्या सिस्टिमवर पाथ तयार झाला तिच्या नियमानं तो सुटा करायचा, मूळ कशावर जातंय ते माणसानं ठरवायचं, नावं तपासायची आणि मग नवीन सिस्टिमच्या नियमानं परत जोडायचा, हा क्रम सोडला तर दर वेळी काहीतरी निसटतं.

चिन्हाचं आधी उरकून टाकतो. उलटा स्लॅश आला तो डॉसमुळं, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिममुळं. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच, आणि सरळ स्लॅश कमांडपुढं ऑप्शन द्यायला वापरला जात होता, मग १९८३ ला दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा सरळ स्लॅश मोकळा नव्हता म्हणून उलटा घेतला. युनिक्स, म्हणजे लिनक्स जिच्या धर्तीवर बनली ती जुनी सिस्टिम, तिचा सरळ स्लॅश त्याच्याही आधीचा. आता महत्त्वाचं हे की विंडोज आतून दोन्ही स्लॅश चालवून घेतं, पण लिनक्स उलट्या स्लॅशला चिन्ह मानतच नाही, त्याच्या लेखी ते नावातलं एक साधं अक्षर आहे. लिनक्सवर फाइलच्या नावात फक्त सरळ स्लॅश आणि शून्य बाइट चालत नाही, बाकी सगळं चालतं. त्यामुळं

डी:\रिपोर्ट\२०२३\रेसिड्यू.पीडीएफ

हे लिनक्सला दिलंत तर तो म्हणणार की इथं कुठलाच फोल्डर नाही, ही एकच फाइल आहे आणि तिचं नाव एवढं लांब आहे. तुमच्या सर्व्हरवर कुठं अशा लांब नावाच्या फाइली एकाच जागी सांडलेल्या दिसल्या तर त्या बहुतेक झिपमधून आल्यात. झिपच्या नियमात सरळ स्लॅशच हवा पण विंडोजवरचे काही जुने प्रोग्राम झिप करताना आत उलटा स्लॅश लिहायचे, डॉटनेट ह्या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंगच्या साधनातसुद्धा ४.६.१ च्या आधीच्या आवृत्त्यांत हे होतं. अशी झिप लिनक्सवर सोडली की काही टूल फोल्डर बनवतच नाहीत. ह्या फाइली आधी शोधा, नावात उलटा स्लॅश आहे का एवढंच बघायचं.

आता मूळ. इथं तुमच्या नोंदींत मला सगळ्यात मोठा घोळ दिसतोय, कारण तुम्ही दिलेल्या नमुन्यात काही पाथ डी: ने सुरू होतात, काही झेड: ने, आणि दोन-तीन दोन उलट्या स्लॅशने. दोन उलट्या स्लॅशवाले नेटवर्कचे, त्यात पहिलं नाव सर्व्हरचं आणि दुसरं शेअरचं (सर्व्हरनं नेटवर्कवर सगळ्यांसाठी खुला केलेला भाग), आणि ती दोन्ही मिळून मूळ होतं, त्यातला शेअर म्हणजे फोल्डर समजून वेगळा काढायचा नाही. ह्यात एक स्लॅश जरी कमी झाला तरी अर्थ बदलतो, आणि तुमच्या रिप्लेसनं ते सरळ स्लॅश होऊन सर्व्हरचं नाव फोल्डरसारखं वाचलं जायला लागलंय.

झेड: त्याहून वाईट. झेड हा खरा ड्राइव्ह नसतो, कोणीतरी नेटवर्कवरचा शेअर झेड नावानं मॅप केलेला असतो, आणि तो मॅप त्या मशीनवरच्या त्या युजरपुरता असतो. अकाउंटवाल्यांच्या मशीनवर झेड म्हणजे बिलांचा शेअर असेल आणि पॅकिंगच्या मशीनवर झेड म्हणजे रिपोर्टचा. दोघांनीही डेटाबेसमध्ये झेड: लिहिलंय. हे कुठलंही टूल, कुठलाही प्रोग्राम ओळखू शकत नाही, कारण ती माहिती पाथमध्ये नाहीच. नोंद कोणी केली, कुठल्या मशीनवरून केली ते बघूनच ठरवावं लागतं. प्रत्येक जुन्या मशीनवर बसून कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट यूज टाकलं की कुठलं अक्षर कुठल्या शेअरवर आहे त्याची यादी येते. ती मशीन फॉरमॅट व्हायच्या आत करा, हे आजच करा असं मी म्हणेन, कारण एकदा ती विंडोज पुसली गेली की झेड म्हणजे काय होतं हे कोणाच्या आठवणीवर अवलंबून राहतं.

मग ह्याचा एक छोटा तक्ता बनवायचा. डाव्या बाजूला मशीन, युजर आणि जुनं मूळ, उजव्या बाजूला नवीन सर्व्हरवरचा फोल्डर. फार तर आठ-दहा ओळी होतील. ह्या तक्त्यात जे मूळ नाही ते आलं की प्रोग्रामनं थांबून सांगायचं, अंदाज लावायचा नाही. अजून दोन बारीक प्रकार आहेत ते लक्षात ठेवा. डी: च्या लगेच पुढं स्लॅश नसेल, म्हणजे डी:रिपोर्ट असं लिहिलेलं असेल, तर तो पूर्ण पाथ नाही, त्याचा अर्थ डी ड्राइव्हवर तो प्रोग्राम त्या वेळी जिथं उभा होता तिथपासून पुढं. आणि नुसत्या एका उलट्या स्लॅशनं सुरू होणारा पाथ म्हणजे चालू ड्राइव्हच्या मुळापासून, पण ड्राइव्ह कुठला ते माहीत नाही. असे पाथ बाजूला काढून हाताने बघायचे.

सुटं करायला आणि जोडायला स्वतः कोड लिहू नका. पायथन वापरता असं तुम्ही लिहिलंय, त्यात पाथलिब नावाचं पाथ तोडायचं-जोडायचं तयार साधन ३.४ आवृत्तीपासून सोबतच येतं. त्यातला साधा पाथ नावाचा क्लास ज्या सिस्टिमवर प्रोग्राम चालतोय तिचे नियम लावतो, म्हणजे लिनक्सवर तुमचा विंडोजचा पाथ त्याला दिला तर तो एकच तुकडा समजणार. तुम्हाला हवा प्युअर-विंडोज-पाथ, तो लिनक्सवर बसूनही विंडोजच्या नियमानं तोडतो, ड्राइव्ह वेगळा देतो, नेटवर्कचं सर्व्हर-शेअर एकत्र देतो, आणि बाकी तुकडे हातात देतो. मग ते तुकडे प्युअर-पॉसिक्स-पाथमध्ये (पॉसिक्स म्हणजे युनिक्स-लिनक्सचे नियम) तक्त्यातल्या नव्या मुळाला जोडायचे. जोडताना मूळ काढलेलेच तुकडे द्या, कारण उरलेल्या भागाच्या सुरुवातीला स्लॅश राहिला तर पाथलिब त्याला नवीन पूर्ण पाथ समजतं आणि तुमचं मूळ गुपचूप टाकून देतं. नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये, काम करणाऱ्यांना हेच पाथच्या विन३२ आणि पॉसिक्स ह्या दोन भागांत मिळतं. गो ही भाषा वापरणाऱ्यांनी जपा, तिथलं टू-स्लॅश फंक्शन लिनक्सवर उलट्या स्लॅशला हातच लावत नाही, कारण त्या मशीनचं चिन्ह आधीच सरळ स्लॅश आहे. आणि कोडमध्ये विंडोजचा पाथ हाताने लिहिताना रॉ स्ट्रिंग (अवतरणाच्या आधी आर) वापरा, नाहीतर उलट्या स्लॅशपुढं इंग्रजी टी आला की टॅब होतो आणि एन आला की नवी ओळ.

आता नावं. तुमच्या न सापडणाऱ्या फाइलींतल्या बऱ्याच इथंच अडकल्या असणार.

पहिलं कॅपिटल-स्मॉल. विंडोज नावातली कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं जशी दिली तशी ठेवतं पण शोधताना फरक करत नाही, लिनक्स करतं. डेटाबेसमध्ये एक्स्टेन्शन स्मॉलमध्ये आणि स्कॅनरनं फाइल कॅपिटलमध्ये बनवलेली, विंडोजवर वर्षानुवर्षं चाललं, इथं नाही. मराठी नावांना ही भानगड नाही, आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉल नाहीच, पण मराठी नावांची स्वतःची वेगळी भानगड आहे, तिच्याकडं येतो.

त्याआधी टिंब. तुमच्या यादीत मी बघितलं, फोल्डरांची नावं अशी आहेत:

ता. दिंडोरी जि. ना.

शेवटी टिंब आहे. विंडोज नावाच्या शेवटचं टिंब काढून टाकतं, फोल्डर बनवतानाही आणि शोधतानाही. म्हणजे डिस्कवर फोल्डर खरं तर "ता. दिंडोरी जि. ना" असा बनला, तुमच्या प्रोग्रामनं डेटाबेसमध्ये टिंबासकट लिहिलं, आणि विंडोज दर वेळी उघडताना टिंब काढून शोधत होतं म्हणून कोणाला कळलं नाही. लिनक्स टिंबाला पूर्ण मान देतं, त्याला टिंबवाला फोल्डर हवा आणि तो कधी अस्तित्वातच नव्हता. फाइलच्या नावाच्या शेवटी चुकून पडलेल्या स्पेसचंही तसंच. आपल्याकडं जि., ता., नं., सौ. अशी टिंबाची सवय फार, त्यामुळं सरकारी कागदांच्या फोल्डरात हे हमखास सापडतं.

मग गट नंबर. गट नं. २४५/१ असं सातबाऱ्यावर असतं आणि प्रोग्रामनं तो नंबर तसाच उचलून पाथ बनवला तर २४५ नावाचा फोल्डर आणि आत १ असं होऊन बसतं. विंडोजवर हाताने नाव देताना स्लॅश घेतच नाही म्हणून लोकांनी डॅश टाकलाय. पण तुम्ही लिहिलंय की कॉपी करताना मालकांचा जुना मॅक वाटेत घेतला होता, विंडोजच्या शेअरवरून मॅकच्या डिस्कवर आणि तिथून आरसिंक ह्या कॉपीच्या टूलनं लिनक्सवर. मॅकच्या फाइंडरमध्ये नावात स्लॅश टाकता येतो, आतमध्ये तो कोलन म्हणून राहतो. तिथं कोणी नावं नीटनेटकी करायला गेलं असेल तर लिनक्सवर "गट २४५:१" अशी फाइल पोचली असेल, आणि कोलन विंडोजला चालत नाही, त्यामुळं पॅकहाऊसच्या मशीनवरून सर्व्हर उघडला की ती भलत्याच नावानं दिसेल. कोलनवाली नावं शोधून डॅश करून टाका. पुढंही गट नंबर पाथमध्ये घालायच्या आधी स्लॅशचा डॅश करायचा हे एकाच फंक्शनमध्ये ठेवा, आणि खरा गट नंबर डेटाबेसच्या वेगळ्या कॉलममध्ये, पाथमधून तो वाचायचा प्रयत्न कधीच नाही.

आता मराठीची भानगड, आणि मॅक वाटेत आल्यामुळं ती तुमच्याकडं नक्की असणार. "शेतकऱ्यांची यादी" हे नाव घ्या. त्यातलं अर्ध्या र-चं अक्षर, ऱ्य मधलं, कॉम्प्युटरमध्ये तीन प्रकारे लिहिता येतं आणि तिन्ही स्क्रीनवर हुबेहूब सारखी दिसतात. एक, ऱ हे एकच तयार अक्षर आणि पुढं हलंत. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता म्हणजे अक्षराखालचं टिंब, मग हलंत. तीन, साधा र, हलंत आणि मग न दिसणारं जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. पहिल्या प्रकारात "शेतकऱ्यांची" ह्या शब्दाला ११ कोड लागतात, यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे लिनक्सवर अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, ३३ बाइट. दुसऱ्या आणि तिसऱ्यात १२ कोड आणि ३६ बाइट, पण ते ३६ बाइटसुद्धा एकमेकांसारखे नाहीत. लिनक्स नाव बाइट-बाय-बाइट जुळवतं, त्याच्यासाठी ह्या तीन वेगवेगळ्या फाइली आहेत आणि एकाच फोल्डरात तिन्ही सुखानं राहू शकतात.

मॅकची जुनी फाइल सिस्टिम, एचएफएस प्लस, प्रत्येक नाव सुटं करून ठेवायची, म्हणजे पहिला प्रकार दिला तरी डिस्कवर दुसरा लिहायची. नवीन एपीएफएस २०१७ पासून आली ती दिलं तसं ठेवते, पण जुन्या मॅकच्या डिस्कवरून गेलेल्या तुमच्या फाइलींची ऱ असलेली सगळी नावं सुटी होऊन लिनक्सवर पोचलीत, आणि डेटाबेसमध्ये तयार ऱ आहे. म्हणून फोल्डरमध्ये फाइल दिसते आणि प्रोग्रामला सापडत नाही. दुसऱ्या, कऱ्हाड, गोऱ्हे, शेतकऱ्यांना, असं ज्या नावात ऱ आहे तेवढीच अडतायत का बघा, तशीच असतील तर निदान पक्कं.

इलाज सोपा आहे, पायथनच्या युनिकोडडेटामध्ये नॉर्मलाइज आहे, त्याचा एनएफसी म्हणजे सुटी अक्षरं जोडणारा प्रकार लावला की र आणि नुक्ता परत एकत्र होऊन ऱ होतो. जुळवताना तो डेटाबेसमधून वाचलेल्या नावांनाही लावा आणि डिस्कवरच्या नावांनाही. पण तिसरा प्रकार, झेडडब्ल्यूजेवाला, एनएफसीनं जुळत नाही, युनिकोडच्या हिशोबात तो वेगळाच मजकूर आहे. तो कुठल्या कीबोर्डवर टाइप झाला त्यावर येतो, आणि त्या नोंदी विंडोजवरही उघडत नसणार, कोणाला कधी गरज पडली नाही इतकंच. तिथं र-हलंत-झेडडब्ल्यूजे हा क्रम शोधून ऱ-हलंत करायचा नियम स्वतः लिहावा लागतो. सरसकट सगळे झेडडब्ल्यूजे उडवू नका, कारण तो काढला की र्‍य चा र्य होतो, म्हणजे रफार येतो आणि शब्दच बदलतो.

लांबीचाही एक फटका आहे. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर एका नावाला २५५ बाइट मिळतात, आणि आपलं प्रत्येक अक्षर, मात्रा, अनुस्वार तीन बाइटचा, म्हणजे ८५ चिन्हांत संपलं. विंडोजच्या एनटीएफएसवर नावाला २५५ कोड मिळतात, तिथं मराठी नाव तिप्पट लांब चालतं. तुमच्याकडं शेतकऱ्याचं पूर्ण नाव, गाव, गट, वाण, तारीख सगळं फाइलच्या नावात कोंबलंय, त्यातल्या लांब फाइली कॉपीच झाल्या नसतील. कॉपीचा लॉग असेल तर त्यात "नाव फार लांब" शोधा, नसेल तर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या फोल्डरवार जुळवा, जुनी डिस्क पुसायच्या आत. उलट बाजूनं विंडोजला पूर्ण पाथची २६० अक्षरांची जुनी मर्यादा आहे, विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून ती सेटिंगमधून उठवता येते पण प्रोग्रामचाही त्याला पाठिंबा लागतो, आणि बरेच जुने प्रोग्राम देत नाहीत.

आता कामाचा क्रम. डेटाबेसच्या जुन्या कॉलमला हात लावू नका, आणि आधी रिप्लेस केलेला मजकूर बॅकअपमधून परत मूळचा आणा, कारण रिप्लेसनंतर कुठला पाथ नेटवर्कचा होता ते ओळखणं अवघड जातं. नवीन सर्व्हरवरच्या सगळ्या फाइलींची एक यादी काढा. प्रत्येक फाइलसाठी एक जुळणीची किल्ली बनवा: एनएफसी, ऱ चा नियम, सगळं स्मॉल, प्रत्येक तुकड्याच्या शेवटचं टिंब आणि स्पेस काढलेली. जुन्या पाथवरूनही तशीच किल्ली बनवा आणि किल्ल्या जुळवा. एका किल्लीला एकच फाइल मिळाली तर स्वीकारा आणि डेटाबेसमध्ये डिस्कवरचं खरं नाव लिहा. दोन मिळाल्या तर प्रोग्रामनं निवडायचं नाही. रेसिड्यू रिपोर्टच्या बाबतीत मी ह्यावर ठाम आहे, एका प्लॉटला दुसऱ्याचा रिपोर्ट जोडला गेला तर युरोपला जाणाऱ्या कंटेनरचे कागद चुकतात, तिथं माणसानं पीडीएफ उघडून प्लॉट नंबर बघितलाच पाहिजे. एकही न मिळालेल्या नोंदींची वेगळी यादी, त्यात लांब नावं आणि झिपवाल्या फाइली निघतील.

नवीन पाथ कसा साठवायचा हे ह्यातलं सगळ्यात कामाचं. पूर्ण पाथ परत लिहू नका, नाहीतर पुढच्या सर्व्हरला हेच सगळं पुन्हा. दोन कॉलम करा, एकात मुळाचं टोपणनाव, रिपोर्ट किंवा बिलं असं काहीतरी, आणि दुसऱ्यात त्या मुळापासून पुढचा भाग, कायम सरळ स्लॅशनं. टोपणनाव म्हणजे कुठला फोल्डर हे प्रत्येक मशीनच्या सेटिंगमध्ये राहील. विंडोजच्या मशीनला सरळ स्लॅश चालतो, फक्त कमांड प्रॉम्प्टच्या स्वतःच्या कमांड त्याला ऑप्शन समजतात आणि दोन उलटे स्लॅश आणि प्रश्नचिन्हानं सुरू होणारा लांब पाथचा प्रकार सरळ स्लॅश घेत नाही, तेवढ्या ठिकाणी अगदी शेवटच्या क्षणी उलटा करून द्यायचा.

विंडोजच्या मशीनवर बसून हाताने काम करताना तिथं डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) असेल तर त्यात डब्ल्यूएसएलपाथ आहे, सिगविन ह्या तशाच जुन्या सोयीत सिगपाथ आहे, एखाददुसरा पाथ बदलायला तेच वापरा. एकच सावधगिरी, सी ड्राइव्ह डब्ल्यूएसएलमध्ये एमएनटीखाली दिसतो, सिगविनमध्ये सिगड्राइव्हखाली आणि गिट बॅशमध्ये (विंडोजवरच्या गिटसोबत येणारी कमांडची खिडकी) थेट मुळाशी, त्यामुळं एकाचं उत्तर दुसऱ्यात चिकटवू नका. गिट बॅश तर स्लॅशनं सुरू होणारी कुठलीही गोष्ट पाथ समजून आपणहून विंडोजचा पाथ करून पुढं देते, डॉकरला (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायचं टूल) फोल्डर देताना लोक ह्यातच अडकतात.

आणि एक जागा राहून जाते. पाथ फक्त डेटाबेसमध्ये नसतात. एक्सेलच्या शीट दुसऱ्या शीटला जोडलेल्या असतील तर आत पाथ आहे, डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटमध्ये आहे, अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगला जोडलेल्या ड्रॉइंगमध्ये हेच बघायला मिळतं. तुमच्या हंगामाच्या हिशोबाच्या एक्सेल फाइली उघडून डेटा टॅबमध्ये लिंकचा पर्याय बघा, तिथं डी: किंवा झेड: दिसला तर तोही तक्त्याप्रमाणे बदलून घ्या. नेट यूजची यादी हातात आली की इथं लिहा, मुळांचा तक्ता आपण मिळून भरू.